समृद्धीवर स्पोर्ट्स कारचं ॲव्हरेज कसं वाढवायचं?

प्रश्न असा आहे: "सेकंड हँड बीएमडब्ल्यू झेड४ एम४०आय घेतली आहे. शहरात ७-८ चं ॲव्हरेज पडतं. पुढच्या महिन्यात छत्रपती संभाजीनगरहून समृद्धी महामार्गाने नागपूरला जाऊन यायचं आहे. काय केलं तर पेट्रोल कमी लागेल?"

आधी शहरातला आकडा डोक्यातून काढा. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन शहरातल्या जालना रोडवर सिग्नलला थांबत-थांबत ७ देत असेल, तर गाडीचं काही बिघडलेलं नाही. तीच गाडी सपाट रस्त्यावर १०० च्या स्थिर वेगाने धरली तर १३-१४ च्या आसपास जायला हरकत नसते. आठव्या गिअरला १०० वर इंजिन दीड हजार आरपीएमच्या आसपास फिरतं, म्हणजे जवळजवळ डुलक्या घेत असतं. पेट्रोल वाचतं ते दोनच जागी. एक तुम्ही कुठल्या वेगाने जाता तिथे, आणि दुसरं गाडी निरोगी आहे का तिथे. बाकी सगळी चिल्लर.

वेगाचा हिशोब असा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. १०० चे १२० केले की तो १.४४ पट होतो, ८० चे १२० केले की सव्वादोन पट. टायरचा विरोध मात्र वेगाने फारसा बदलत नाही. या वजनाच्या आणि आकाराच्या गाडीत १०० ला एकूण विरोधापैकी निम्म्याहून जास्त हवेचा असतो, १२० ला तो दोनतृतीयांशापर्यंत जातो. संभाजीनगर ते नागपूर सुमारे ४३० किलोमीटर धरू. १२० ने तीन तास ३५ मिनिटं, १०० ने चार तास १८ मिनिटं. या पाऊण तासाच्या बदल्यात एका बाजूच्या प्रवासात चार-पाच लिटर वाचतात. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, त्यामुळे त्याच्या वरचा हिशोब मांडतच नाही.

मी १०० सुचवीन, ८० नाही. ८० ला आणखी वाचेल हे खरं, पण तिथे ट्रकच्या रांगेत अडकाल, पुन्हापुन्हा वेग कमी-जास्त कराल आणि वाचलेलं तिथेच घालवाल. मधली लेन धरा, उजवी ओव्हरटेकपुरतीच. आणि काट्यावर विसंबू नका. स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, तेव्हा फोनच्या जीपीएसवर एकदा पडताळून घ्या.

समृद्धीसारख्या सरळ रस्त्यावर क्रूझ कंट्रोल लावून सोडून द्या. पुढच्या वाहनाप्रमाणे वेग जुळवणारा क्रूझ असेल तर अंतर सगळ्यात लांबचं निवडा. जवळचं ठेवलं की गाडी ट्रकच्या मागे ब्रेक मारते आणि मग परत उसळी घेते. या दोन्हींत पेट्रोल जातं. ट्रकच्या पाठीला चिकटून हवेचा विरोध चुकवायचा सल्ला कुणी दिला तर सोडून द्या. एवढ्या जवळून ट्रकचा टायर फुटला तर तुमच्याकडे काहीच वेळ नसतो.

चढउताराच्या रस्त्याचं गणित वेगळं. बीडहून मांजरसुंबा, अंबाजोगाईकडे बालाघाटाच्या रांगांत क्रूझ लावलात तर प्रत्येक चढावर तो वेग राखायला गिअर खाली टाकतो. तिथे पायानेच चालवा. चढावर वेग पाच-आठने पडू द्या, उतारावर तो आपोआप भरून निघतो. ऊसतोडीच्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, त्या रस्त्यांना रात्री दिवे-रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या असतात. तेव्हा मायलेज बाजूला ठेवा आणि दिवसाच जा.

आता ॲक्सिलरेटर. अगदी हळूहळू वेग वाढवला की पेट्रोल वाचतं हा समज टर्बो पेट्रोल गाडीला लागू होत नाही. इंटरचेंजवरून वर येताना मध्यम दाबाने, गिअर लवकर वर जातील असा वेग घ्या आणि १०० ला पोचून पाय हलका करा. टाळायचं ते पूर्ण दाबणं. पेडल तळाला टेकवून जोर घेतला की इंजिनचा कॉम्प्युटर एक्झॉस्ट आणि त्यातला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थंड ठेवण्यासाठी गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडू शकतो. ते नुसतं थंडाव्यासाठी जळतं, वेगासाठी नाही. दोन-चार वेळा हौस भागवा, स्पोर्ट्स कार घेतली कशाला नाहीतर, पण दर ओव्हरटेकला नको.

गाडी ईको प्रो मोडमध्ये ठेवा. त्यात पेडल सौम्य होतं, एसीचा भार कमी होतो, आणि सोय दिलेली असेल तर पाय काढल्यावर गिअरबॉक्स इंजिनपासून सुटून गाडी घरंगळत जाते. पुढे लांबवर रस्ता मोकळा असेल तर हे घरंगळणं फायद्याचं. पण पुढे टोल दिसतोय किंवा उतार आहे, थोडक्यात वेग कमी करायचाच आहे, तर स्टीअरिंगमागचं डावं पॅडल, म्हणजे गिअर खाली टाकणारी पट्टी, एकदा ओढा. गिअर जोडलेला असताना पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल देणं पूर्ण बंद करतात आणि चाकंच इंजिन फिरवतात. स्वतः लिव्हर न्यूट्रलला मात्र टाकू नका. इंजिन आयडलवर पेट्रोल पीत राहतं आणि वर इंजिन ब्रेकिंग हातचं जातं.

टायरवर थोडं थांबतो, कारण सेकंड हँड स्पोर्ट्स कारमध्ये सगळ्यात जास्त गडबड इथेच सापडते. या गाड्या कमी चालतात. जाळी, म्हणजे ट्रेड, भरपूर दिसते, पण रबर वय झालेलं असतं. टायरच्या बाजूला डीओटीच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांच्या पुढचा टायर घेऊन मे महिन्यात समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर तास-तास १२० करू नका, ट्रेड कितीही असू दे.

हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. पुढच्या-मागच्या टायरचा वेगळा, आणि बऱ्याचदा दोन रकाने, कमी भार आणि पूर्ण भार. दोघं आणि सामान घेऊन जाणार असाल तर पूर्ण भाराचा रकाना घ्या. हवा गार टायरला भरायची. म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असावी किंवा पंप घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत असावा. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पीएसआयने वाढतो. पहाटे २७ अंशांना भरलेला टायर दुपारी ४२ अंशांच्या उन्हात, वर धावण्याची उष्णता मिळून, पाच-सहा पीएसआय जास्त दाखवेल. ते अपेक्षितच आहे. पंक्चरवाला "हवा जास्त झाली, काढतो" म्हणाला तर काढू देऊ नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी पहाटे टायर बसलेले सापडतील. उलट "मायलेजसाठी" स्टिकरच्या वर पाच-सात पीएसआय चढवणंही चूक. रुंद टायर मधोमध झिजतो, जमिनीला टेकणारा भाग लहान होतो आणि ब्रेकला गाडी लांब जाते. एक पीएसआय कमी असण्याचं नुकसान जेमतेम पाव टक्का असतं, पण चारही टायरांत सहा-सात पीएसआय कमी निघाले की ते जाणवतं. नायट्रोजनने ॲव्हरेज वाढत नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि उन्हात दोन्ही सारखेच फुगतात. फायदा एवढाच की तो कोरडा असतो. फुकट मिळाला तर भरा. हवा भरून झाली की गाडीच्या मेन्यूतून टायर प्रेशरचं रीसेट करायला विसरू नका.

यानंतर अडकलेला ब्रेक. उभ्या राहणाऱ्या गाडीत कॅलिपरच्या, म्हणजे ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या, पिना जाम होतात आणि पॅड डिस्कला घासत राहतो. पाहायची पद्धत सोपी आहे. १५-२० किलोमीटर चालवा, शेवटचे दोन किलोमीटर ब्रेक शक्य तितका कमी वापरा, थांबून प्रत्येक चाकाजवळ हात न्या, डिस्कला लावू नका. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम. पुढची चाकं मागच्यांपेक्षा गरम असणं ठीक, पण डावं-उजवं सारखं हवं. एकाच बाजूचं चाक ३०-४० अंशांनी जास्त तापलेलं असेल तर तिथेच तुमचं पेट्रोल जातंय. जोडीला व्हील अलाइनमेंट करून घ्या. टायरवर तळवा आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं खरखरीत लागलं तर टो बिघडलेला आहे, म्हणजे टायर किंचित आडवे होऊन घासत चाललेत.

गाडी खालूनही बघा. आपल्याकडचे गावोगावचे गतिरोधक या गाड्यांच्या पोटाला लागतातच, आणि इंजिनखालची प्लास्टिकची पाटी क्लिपा तुटून लोंबायला लागते. ती नुसती वाजत नाही, हवा अडवते. नवीन क्लिपा बसवा, पाटी काढून टाकू नका.

तीनशे-चारशे किलोमीटरच्या सलग प्रवासाआधी ओबीडीचा डोंगल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे फोनवर दाखवणारं छोटं यंत्र, लावून दोन आकडे बघा. पहिला कूलंटचं तापमान. हायवेवर ते बराच वेळ ७० च्या खालीच राहत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे, आणि इंजिन अजून थंड आहे असं समजून कॉम्प्युटर पेट्रोल जास्त देतोय. दुसरा लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्या हिशोबापेक्षा किती टक्के कमी-जास्त पेट्रोल देतोय तो आकडा. उणे-अधिक पाच टक्के ठीक. अधिक दहाच्या वर असेल तर कुठेतरी हवा गळतेय किंवा इंधनाचा दाब कमी पडतोय. इथे एक मेख आहे. ई१० वर (१० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर) बेतलेल्या इंजिनात ई२० (२० टक्केवालं) भरलं की ट्रिम चार-एक टक्क्यांनी आपोआप वर जातो, कारण इथेनॉल जाळायला हवा कमी आणि इंधन जास्त लागतं. तेवढ्यासाठी सेन्सर बदलत बसू नका.

ई२० चाच मुद्दा निघाला म्हणून. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जवळपास एकतृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे २० टक्के मिश्रणात साधारण सहा-सात टक्के ऊर्जा मुळातच कमी. जुन्या रिव्ह्यूत वाचलेला आकडा आता मिळत नसेल तर त्यातला काही भाग हा आहे, आणि त्यावर तुमच्या हातात फारसं काही नाही. ९५ किंवा १०० ऑक्टेनने ऊर्जा वाढत नाही, पण नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल अवेळी पेटून होणारी खडखड, टळतं. ४२ अंशांत आत जाणारी हवा तापलेली असते. नॉक सेन्सरला खडखड जाणवली की कॉम्प्युटर स्पार्क उशिरा देतो आणि तेवढ्याच पेट्रोलमध्ये कमी काम होतं. म्हणून उन्हाळ्यात ९५ घ्यायला हरकत नाही. १०० चे जादा पैसे १०० च्या वेगाने जाणाऱ्या गाडीत वसूल होणार नाहीत. ॲडिटिव्हच्या बाटल्या, पाइपवर बसवायचं मॅग्नेट, इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करून देणारा "मायलेज मॅप" या सगळ्यांना नमस्कार.

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच ठेवा. "आपल्याकडे गरमी फार, जाड टाकू" हा गॅरेजातला सल्ला या इंजिनाला चालत नाही. एअर फिल्टर मराठवाड्याच्या धुळीत लवकर भरतो, तो बदला, पण त्याने जोर सुधारेल, ॲव्हरेज जेमतेम.

या गाडीचं छत उघडतं, पण प्रवासात छत बंद, काचा बंद, एसी २४-२५ वर. निघताना एक मिनिट काचा खाली करून आतली भट्टी बाहेर जाऊ द्या, मग एसी. १०० च्या वेगाला उघडं छत एसीपेक्षा महाग पडतं.

टाकी ५२ लिटरची आहे, एका बाजूच्या प्रवासाला पुरते. शहरातच भरून निघा, कारण समृद्धीवर पंप हवे तिथे सापडतीलच असं नाही. परभणीकडून येत असाल तर तिथे टाकी फुल्ल करू नका. मनमाडच्या इंधन डेपोपासून अंतर जास्त असल्याने परभणीचा दर राज्यातल्या चढ्या दरांत असतो.

ॲव्हरेज मोजण्यासाठी टाकी भरताना नोझल आपोआप बंद झाली की थांबा. राउंड फिगरसाठी "अजून थोडं" नको. वरून कोंबलेलं पेट्रोल वाफ साठवणाऱ्या कोळशाच्या डब्यात उतरतं आणि तो डबा नि त्याचा व्हॉल्व्ह खराब होतो. परत आल्यावर शक्यतो त्याच पंपावर, त्याच पद्धतीने भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. डॅशबोर्डवरचा आकडा सहसा थोडा उदार असतो. शिवाय जाताना आणि येताना वेगळं मोजलंत तर फसाल. संभाजीनगर साधारण ५७० मीटर उंचीवर आहे, नागपूर ३१० वर. हा २६० मीटरचा उतार जाताना अर्धा लिटर वाचवतो आणि येताना तेवढाच परत घेतो. पावसाळ्यात यात पश्चिमेच्या वाऱ्याची भर पडते. २० किलोमीटरचा वारा पाठीवर असेल तर १०० ला गाडीला ८० चीच हवा लागते, तोच समोरून आला तर १२० ची. त्यामुळे जाताना १५ आणि येताना १२ पडले तर वाटेत काही बिघडलं असं समजून गॅरेज गाठू नका, दोन्ही वेळचे किलोमीटर आणि लिटर एकत्र करून भागून बघा.