मांजर १४ वर्षांची आहे, किडनीचा आजार आहे आणि सांधेही दुखतात. वेदनाशामक देता येईल का?

देता येतं, पण घरातल्या औषधांच्या डब्यातलं नाही. क्रोसिन, कॉम्बिफ्लॅम चुकूनही नको. दोन्हींत पॅरासिटामॉल असतं, आणि त्याची एक गोळीही मांजरीच्या जिवावर बेतू शकते.

किडनीच्या आजारात मेलॉक्सिकॅम (सूज आणि वेदना कमी करणारं औषध) सरसकट वर्ज्य, असं बरेच जण सांगतात. ते तितकंसं खरं नाही. आजार स्थिर असेल, खाणं-पिणं नीट असेल, तर डॉक्टर अगदी कमी डोस देतात आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), लघवी, रक्तदाब तपासत राहतात. उलटी झाली किंवा खाणं सुटलं, तर त्या दिवशी डोस देऊ नका, आधी डॉक्टरांना फोन करा. गॅबापेंटिन हे दुसरं वेदनाशामक किडनीवाटेच बाहेर पडतं, म्हणून तेही बेतानंच. मांजर झिंगल्यासारखी चालली तर कळवा. अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झालेलं फ्रुनेव्हेटमॅब हे मांजरींच्या सांधेदुखीवरचं, महिन्याला एकदा घ्यायचं इंजेक्शन आहे, त्याबद्दलही विचारून बघा.

घरी मात्र आजच करण्यासारखं: लिटर ट्रेची एक बाजू कापून बुटकी करा (कडा घासून घ्या, टोचतात), आवडत्या खिडकीखाली पाट किंवा स्टूल ठेवा. आणि नखं बघा. म्हातारी मांजर ती फारशी घासत नाही, मग वाढून पंजाच्या गादीत रुततात, आणि लंगडणं आपण सांध्यांच्या नावावर खपवतो.