दूरदर्शनच्या जमान्यातल्या कार्टूनची चित्रं टी-शर्टवर छापून विकायला परवानगी लागते का?

तुमचा प्रश्न असा की, कोल्हापुरात टी-शर्ट प्रिंटिंगचं छोटं युनिट आहे, ‘ही-मॅन’ मालिका जुनी झाली, ती काढणारा स्टुडिओही बंद पडला, मग तिची चित्रं छापायला कुणाला विचारायचं?

विचारावं लागतंच. मी इथे राजारामपुरीत याच धंद्यात आहे, तालीम मंडळांचे टी-शर्ट छापतो. ‘जुनं आहे, कोण बघतंय’ हे गिऱ्हाईक दर सीझनला म्हणतं.

स्टुडिओ बंद झाला म्हणून हक्क संपत नाहीत, ते दुसऱ्याच्या हातात जातात. ही मालिका फिल्मेशनने १९८३ ते १९८५ मध्ये काढली, १३० भाग. फिल्मेशन १९८९ मध्ये बंद पडलं आणि त्यांचा संग्रह हात बदलत गेला. आपल्या कायद्यात चित्रपटाचा, आणि त्यात कार्टूनचे भागही आले, कॉपीराइट प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे १९८३ चे भागसुद्धा २०४३ संपेपर्यंत कुणाच्या तरी मालकीचे आहेत.

पण टी-शर्टसाठी खरी गाठ वेगळीच आहे. ही-मॅन आधी खेळणं होता. मॅटेल या खेळणी कंपनीने १९८२ मध्ये बाजारात आणला, कार्टून नंतर आलं. त्यामुळे नाव, लोगो आणि ही पात्रं मॅटेलची. भाग दाखवण्याचा हक्क ज्याच्याकडे आहे, त्याने ‘छापा’ म्हटलं तरी उपयोग नाही. शिवाय कॉपीराइट कधीतरी संपतो, ट्रेडमार्क, म्हणजे नाव-लोगोवरचा नोंदवलेला हक्क, दर १० वर्षांनी नूतनीकरण करून कितीही वर्षं चालू ठेवता येतो. नाव गाळून नुसता चेहरा छापला किंवा खाली ‘फॅन आर्ट’ लिहिलं तरी सुटका नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे.

रीतसर लायसन्स घ्यायचं तर माल कुठला, विकायचा कुठे, किती वर्षं, हे सगळं लेखी ठरतं. विक्रीवर रॉयल्टी असते, आणि बहुतेक वेळा खप होवो न होवो, मिनिमम गॅरंटीची रक्कम भरावी लागते. प्रत्येक डिझाइनचं सॅम्पल आधी मंजूर करून घ्यायचं. शंभर-दोनशे नगांच्या ऑर्डरीला हे परवडत नाही, स्पष्टच सांगतो. त्यापेक्षा ज्यांच्याकडे आधीच लायसन्स आहे अशा कपडे कंपनीचं जॉबवर्क मिळतंय का बघा. मात्र छपाई तुमच्याकडे देता येते, असं त्यांच्याकडून लेखी घेतल्याशिवाय छपाईची स्क्रीन बनवू नका.

मला मनापासून वाटतं की आपण आपले चित्रकार कामाला लावावेत. पिळदार योद्धा, तलवार, जादूचा किल्ला, या कल्पनांवर कुणाची मालकी नाही; ठरावीक पोशाख, चेहरा आणि नावावर आहे. कलानिकेतनमधून शिकून बाहेर पडलेली पोरं या गावात आहेत. त्यांना पैसे देऊन नवीन पात्र काढून घ्या आणि हक्क तुमच्या नावावर लिहून घ्या. त्या कागदात मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षंच धरतो.

जुनंच हवं असेल तर आपल्या कोल्हापूरचे चित्रकार बाबूराव पेंटर यांची चित्रं आहेत. ते १९५४ मध्ये गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या चित्रांचा कॉपीराइट २०१४ अखेर संपला. फक्त कुणाच्या पुस्तकातला फोटो तसाच उचलू नका, त्या फोटोवर वेगळा हक्क असू शकतो.