पोटॅशच्या पोत्यातला सिग्नल

प्रश्न : मी वाळवा तालुक्यातला ऊस बागायतदार. मुलगी सांगलीत इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. किरणोत्सर्ग मोजणाऱ्या डिटेक्टरच्या इलेक्ट्रॉनिक्सवर प्रोजेक्ट करायचा आणि पुढे त्यातच जायचं म्हणते. पाहुणे म्हणतात, आयटीत लाग, अणूच्या भानगडीत कशाला पडतेस, पुढं लग्नाचंही बघायचंय. यात धोका किती आणि नोकरी मिळेल का?

उत्तर : नमस्कार. आधी भीतीचं बोलू, कारण पत्राचा अर्धा भार तिचाच आहे. तुमच्या शेडमध्ये म्युरेट ऑफ पोटॅशचं पोतं असेलच. त्यातल्या एक किलो खतात दर सेकंदाला साधारण १५ हजार अणू फुटत असतात. पोटॅशियमचा अगदी थोडा अंश, पोटॅशियम-४०, निसर्गतःच किरणोत्सर्गी आहे. तो केळ्यात आहे, बटाट्यात आहे, तुमच्या-माझ्या अंगातही आहे. तेव्हा प्रश्न किरण आहेत की नाहीत हा नसतो, किती आहेत हा असतो. आणि ‘किती’ हे सांगणारं यंत्र बनवणं, हेच तुमच्या मुलीला करायचंय.

नोकरीत प्रत्यक्ष किरणोत्सर्गी स्रोताजवळ काम करणाऱ्यांना टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती किरण पडले हे टिपणारा बिल्ला, लावावा लागतो आणि त्याची नोंद ठेवली जाते. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या डोसचं माप) अशी आहे. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याचा बराचसा दिवस तर पल्सर नावाच्या डबीसमोर जातो. किरण आला की डिटेक्टर पल्स, म्हणजे विजेचा छोटा ठोका, देतो; तसेच, पण खोटे पल्स ती देते. सर्किट त्यावर जुळवायचं, खरा स्रोत शेवटी.

आता कामाबद्दल. सीझियम-१३७ या किरणोत्सर्गी स्रोताचा ६६२ केइव्हीचा (केइव्ही हे किरणाच्या ऊर्जेचं माप) एक गॅमा किरण जर्मेनियमच्या डिटेक्टरमध्ये पूर्ण शोषला गेला, की सुमारे सव्वादोन लाख इलेक्ट्रॉन मोकळे होतात. आकडा मोठा वाटतो, पण विद्युतभार भरतो जेमतेम ३६ फेम्टोकुलंब. एक पिकोफॅरडच्या कपॅसिटरवर तो साठवला तर ३६ मिलिव्होल्टची पायरी मिळते. पायरीची उंची म्हणजे किरणाची ऊर्जा. हे काम डिटेक्टरला लागून असलेल्या पहिल्या सर्किटचं, प्रीअँप्लिफायरचं. पण त्या पायरीवर नॉइज, म्हणजे सर्किटची नकोशी खरखर, बसलेला असतो, आणि पहिली पायरी उतरायच्या आत दुसरी तिच्यावर चढते. याला पाइल-अप म्हणतात. पूर्वी हे शेपिंग अँप्लिफायरनं सोडवत, आता एडीसी (सिग्नलचे आकडे करणारी चिप) सेकंदाला दहा कोटी वगैरे नमुने घेतो आणि एफपीजीएमध्ये, म्हणजे हवं ते सर्किट आत घडवता येणाऱ्या चिपमध्ये, ट्रॅपेझॉइडल फिल्टर बसवतात. पायरीआधीच्या नमुन्यांची सरासरी, नंतरच्यांची सरासरी, मग वजाबाकी, कल्पना एवढीच. सरासरीची खिडकी, म्हणजे किती नमुने धरायचे ते, मोठी केली की नॉइज दबतो पण पाइल-अप वाढतो, लहान केली की उलटं. खिडकी किती ठेवायची हे ज्याला कारणासकट सांगता येतं, त्याला मी या क्षेत्रातला माणूस म्हणेन. आजकाल मुलं मशीन लर्निंगनं पल्स ओळखायला थेट धावतात आणि प्रीअँपचा फीडबॅक रेझिस्टर कशासाठी असतो विचारलं की गप्प होतात. तिला ॲनालॉग पक्कं करू द्या, बाकीचं नंतर.

प्रोजेक्टला महागडं काही लागत नाही. बीपीडब्ल्यू३४ हा साधा पिन फोटोडायोड (एरवी उजेड टिपणारा, इथं तोच डिटेक्टर), नऊ व्होल्टची बॅटरी आणि सिग्नल वाढवायला एफईटी इनपुटचा ऑपअँप पत्र्याच्या डब्यात बसवायचा, उजेडाचा कवडसाही आत जाता कामा नये. टेबलाला टिचकी मारली तरी पल्स दिसतील, ते किरणांचे नव्हेत, थरथरीचे. ते ओळखून वेगळे काढणं हाच निम्मा प्रोजेक्ट. मग एक रात्र रिकामा डबा मोजायचा आणि एक रात्र डायोडसमोर पोटॅश ठेवून. काउंट मोजकेच येतील, म्हणून घाई नको. किरणोत्सर्गी स्रोत मात्र ऑनलाइन वगैरे मागवायचा नाही, त्याला परवाने लागतात.

नोकरीचं स्पष्ट सांगतो, जागा थोड्या आहेत. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं ट्रेनिंग स्कूल १९५७ पासून चालू आहे. वर्षभराचं प्रशिक्षण, मग वैज्ञानिक अधिकारी. पदवीला किमान ६० टक्के हवेत, गेट या अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेचे गुण धरतात आणि मुलाखतीत पायाभूत प्रश्नांनी घाम काढतात. बाकी अटी त्या वर्षीच्या जाहिरातीत बघाव्यात. शिवाय हैदराबादची ईसीआयएल ही सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनी आहे, कल्पक्कमचं इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र आहे. २०१५ मध्ये सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या सीझेडटी इमेजर या क्ष-किरण टिपणाऱ्या यंत्राची माहिती हाताळण्याचं केंद्र पुण्यात, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत आहे, आणि त्या यंत्रातही तेच पल्स. कॅन्सरच्या तपासणीचं पेट स्कॅनर म्हणजे समोरासमोरच्या दोन डिटेक्टरांवर ५११ केइव्हीचे दोन फोटॉन (गॅमा किरणच) काही नॅनोसेकंदांच्या आत येऊन आदळले का, हे तपासणारं इलेक्ट्रॉनिक्स.

कॅम्पस प्लेसमेंटला तिनं बसावंच, ऑफर हातात असली की गेटचा अभ्यास शांतपणे होतो. इथं काही जमलं नाही तरी ॲनालॉग आणि एफपीजीए येणाऱ्याला मेडिकल उपकरणांत आणि टेलिकॉममध्ये विचारतात. पाहुण्यांना सांगा, मुलगी मोजमापाच्या धंद्यात चाललीय.

आणि हो, पांढरा पोटॅश दिसायला अगदी मिठासारखा. तिनं डबीत भरून घेतला तर वर ठळक नाव घालायला सांगा आणि स्वयंपाकघरात तेवढी डबी येऊ देऊ नका.