टी-पेशी वाढवायला एवढे आठवडे का लागतात?

तुम्ही विचारलंय की काकांचा बी-पेशींचा लिम्फोमा (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) केमोनंतर पुन्हा उलटला, मुंबईत कार-टी उपचारासाठी, म्हणजे कॅन्सर ओळखायला शिकवून परत द्यायला, त्यांच्या टी-पेशी (शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून घेतल्या आणि आता तीन-चार आठवडे थांबायला सांगतात. एवढा वेळ कशाला, आणि मिरजेत एवढी हॉस्पिटलं असताना हे इथेच का होत नाही?

मी सांगलीचीच, विश्रामबागची. पेशी वाढवणाऱ्या लॅबमध्ये काम करते, म्हणून हक्कानं लिहितेय.

खरं तर पेशी वाढायला फार दिवस लागत नाहीत. काढलेल्या टी-पेशींना आधी उत्तेजित करतात. दोन-तीन दिवसांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, की सुट्या गोल पेशी एकमेकींना चिकटून द्राक्षाच्या घडासारख्या दिसतात. ते घड दिसले की आमचा जीव भांड्यात पडतो. मग स्वतःची वाढ करू न शकणाऱ्या विषाणूमार्फत त्यांच्यात एक जनुक सोडतात. त्यामुळे त्या कॅन्सरपेशीवरचं सीडी-१९ नावाचं प्रथिन ओळखू लागतात. ३७ अंशांना, इंटरल्युकिन (पेशींना वाढायला लावणारं प्रथिन) घातलेल्या द्रवात आठ-दहा दिवसांत बहुधा पुरेशा होतात.

पुढचा वेळ जातो तपासणीत. सलाईन तापवून निर्जंतुक करता येतं. जिवंत पेशी तापवल्या तर मरतात, आणि जंतू अडकतील इतक्या बारीक गाळणीतून त्या पारही होत नाहीत. म्हणून पहिल्या दिवसापासून हवासुद्धा गाळलेली लागते. शेवटी जंतू, मायकोप्लाझ्मा (अगदी बारीक जिवाणू), जिवंत पेशींचं प्रमाण, सगळं तपासायचं. जंतूंच्या जुन्या पद्धतीच्या चाचणीलाच १४ दिवस लागतात. शिवाय ही एकट्या काकांची बॅच. ती बिघडली तर दुसऱ्याची चालत नाही. असली खोली आणि तयार माणसं प्रत्येक हॉस्पिटलला परवडत नाहीत, म्हणून मिरजेत हे होत नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या पहिल्या भारतीय कार-टी उपचाराला मंजुरीच मुळी ऑक्टोबर २०२३ मध्ये मिळाली. परदेशात यालाच कोटींत खर्च येतो, त्यामुळे माझ्या लेखी ही फार मोठी गोष्ट आहे.

या आठवड्यांत काकांचा आजार आटोक्यात ठेवायला काही औषध द्यायचं का, हे मुंबईच्या डॉक्टरांना जरूर विचारा. रक्ताच्या तपासण्या मिरजेत करून रिपोर्ट पाठवता येतील का, तेही विचारा. पेशी दिल्यावर मात्र लगेच सांगलीची गाडी धरू नका. पहिल्या काही दिवसांत ताप चढू शकतो, रक्तदाब उतरू शकतो, बोलण्यात गोंधळ होऊ शकतो. त्यावर औषधं आहेत (ताप-रक्तदाबासाठी टोसिलिझुमॅब हे त्यातलं एक), पण ती वेळेत मिळायला हवीत. डॉक्टर सांगतील तितके आठवडे हॉस्पिटलच्या जवळच खोली घेऊन राहा, आणि थर्मामीटर उशाशी ठेवा.