रक्तातून कळणारी मज्जातंतूंची झीज

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस (शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंच्या आवरणावर हल्ला करते, असा आजार) आहे. रक्ताच्या तपासणीतून मज्जातंतूंची झीज मोजता येते, असे ऐकले. ती करून घ्यावी का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. मज्जातंतूच्या आतला सांगाडा ज्या प्रथिनांचा बनलेला असतो, त्यांपैकी न्यूरोफिलामेंट लाइट चेन हे प्रथिन तंतूला इजा झाली की मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात उतरते आणि तेथून अत्यल्प प्रमाणात रक्तात येते. ते पिकोग्रॅममध्ये (ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग) मोजावे लागते. आजार उसळल्यावर हा आकडा वाढतो, आणि परिणामकारक औषधाने काही महिन्यांत बहुधा खाली येतो.

मात्र तो वयानुसारही वाढतो, आणि मधुमेहातील मज्जाविकार, पक्षाघात किंवा डोक्याला मार यांमुळेही चढतो. म्हणून एकट्या आकड्यावरून निदान होत नाही, आणि ही तपासणी एमआरआयची जागा घेत नाही. जळगाव-धुळ्याहून नमुना मोठ्या शहरात पाठवण्याचा खर्च करण्यापूर्वी ‘या निकालाने उपचार बदलणार आहेत का?’ असे मेंदूविकारतज्ज्ञांना जरूर विचारा. तपासणी केलीच, तर पुढच्या वेळी त्याच पद्धतीने करावी, म्हणजे तुलना करता येईल. आकडा कमी आला तरी बहिणीचे औषध मनाने बंद करू नका.