अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थिजीवनाचे खरे केंद्र कोणती इमारत असते?

ग्रंथालय किंवा उपाहारगृह हे उत्तर अनेकजण देतील, परंतु माझ्या मते ती इमारत म्हणजे कार्यशाळा, अर्थात वर्कशॉप. छत्रपती संभाजीनगरचे 1960 सालचे शासकीय महाविद्यालय घ्या किंवा नांदेडजवळ विष्णुपुरीची 1981 सालची संस्था. शाखा कोणतीही असो, पहिल्या वर्षी सगळ्यांना तिथे उभे राहावेच लागते, आणि संगणक शाखेचा लातूरचा मुलगा व स्थापत्य शाखेची परभणीची मुलगी एकाच बाकावरच्या शेजारशेजारच्या व्हाइसवर, म्हणजे तुकडा घट्ट धरून ठेवणाऱ्या पकडीवर, काम करताना एकमेकांना ओळखू लागतात.

फिटिंगमध्ये, म्हणजे धातूचे तुकडे घासून नेमक्या मापाचे करण्याच्या कामात, पोलादी तुकडा कानसीने घासताना कानस पुढे जाताना कापते, म्हणून मागे ओढताना दाब सोडायचा असतो; नवशिके नेमके उलट करतात. मग कडेला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे साधन, लावून तुकडा उजेडासमोर धरायचा आणि फटीतून प्रकाश दिसला की पुन्हा घासायचे. सुतारकामात रंधा, पटाशी आणि दोन्ही लाकडे अर्ध्या जाडीपर्यंत कापून जोडायचा सांधा येतो.

अशा इमारतींना पुष्कळदा करवतीच्या दात्यांसारखे छत असते. त्याच्या काचा उत्तरेकडे असल्याने थेट ऊन न येता उजेड मिळतो, आणि मराठवाड्यातल्या एप्रिलमध्ये ही सोय किती मोलाची आहे, हे लोहारकामाच्या भट्टीपाशी उभे राहिलेल्यालाच कळते.