मुलाचा रुकार, मुलाचा नकार

लहान मुलांना संशोधनात सहभागी करून घेण्याबद्दल वाचकांनी विचारलेल्या पाच प्रश्नांना इथे उत्तरं देतो आहे. मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि काही वर्षं एथिक्स कमिटीवर काम केलं आहे. संशोधन सुरू होण्याआधी त्याचा आराखडा तपासून मंजुरी देणारी किंवा नाकारणारी ही समिती असते.

माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला आहे. एका कॉलेजचे विद्यार्थी आले, सगळ्यांची उंची-वजनं घेतली आणि बोटाला टोचून हिमोग्लोबिन तपासलं. कुणाच्या तरी प्रबंधासाठी होतं म्हणे. मुख्याध्यापक म्हणतात, आम्ही परवानगी दिली होती. आम्हाला घरी काहीच कळवलं नाही. हे चालतं का? – एक आई, सातारा जिल्हा

नाही, चालत नाही. सरकारी पथक शाळेत येऊन आरोग्य तपासणी करतं, ती सेवा असते आणि तिचे नियम वेगळे असतात. पण त्याच मोजमापांचे आकडे प्रबंधात जाणार असतील, तर ते संशोधन झालं. मुख्याध्यापकांची परवानगी म्हणजे शाळेच्या फाटकातून आत येण्याची परवानगी. मुलीच्या बोटाला टोचायचं, तर तुमचीच संमती हवी.

हा फरक किती महागात पडू शकतो, ते आपल्या देशाने पाहिलं आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमध्ये वडोदऱ्याला दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस देण्याचा एक प्रकल्प झाला. पाथ ही अमेरिकी संस्था आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, त्यात होती. खम्मममधल्या अनेक मुली आदिवासी होत्या, आश्रमशाळांच्या वसतिगृहांत राहत होत्या. त्यांच्या संमतीपत्रांवर मोठ्या संख्येने सह्या होत्या त्या वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या. गावात मजुरीला गेलेल्या आईबापांना विचारायला कुणी गेलंच नाही. काही मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्यावर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. ते मृत्यू लसीमुळे झाले नसावेत, असं चौकशीत निघालं. जगभर वापरली जाणारी ती चांगली लस आहे आणि मी ती आवर्जून देतो. पण संमती घेण्याची पद्धत इतकी वाईट होती की, २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने तिच्यावर कडक ताशेरे ओढले. तेव्हा लोकांच्या मनात बसलेली भीती आजही माझ्या ओपीडीत येते. आई विचारते, 'डॉक्टर, ती लस म्हणजे तीच ना?'

तुम्ही मुख्याध्यापकांना लेखी अर्ज करा. कॉलेजचं नाव आणि एथिक्स कमिटीच्या मंजुरीच्या पत्राची प्रत मागा. त्या कमिटीच्या अध्यक्षांना कळवा, मुलीची माहिती अभ्यासातून काढून टाका असंही लिहा. आणि मुलीचं हिमोग्लोबिन किती आलं, ते तुम्हाला कुणी सांगितलं का? ते कमी आलं असेल, तर तसं पालकांना कळवणं ही त्या विद्यार्थ्यांची जबाबदारीच होती. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो की, रक्त घेतात आणि आकडा वहीत ठेवून निघून जातात.

माझ्या तेरा वर्षांच्या मुलाला दमा आहे. डॉक्टरांनी एका नव्या औषधाच्या ट्रायलबद्दल सांगितलं. काही मुलांना खरं औषध, काहींना बिनऔषधाची गोळी मिळेल. नेहमीचा पंप सगळ्यांचा चालूच राहील. आम्ही दोघं तयार आहोत, मुलगा नाही म्हणतो. लहान आहे, समजावू का? – एक वडील, नागपूर

समजावून सांगा, पण त्याच्याकडून 'हो' काढून घेऊ नका.

आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालक देतात ती संमती आणि मूल देतं तो असेंट. मला त्यासाठी 'रुकार' हा आपला जुना शब्द फार आवडतो, कारण त्याच्या शेजारी लगेच 'नकार' उभा राहतो. सात ते बारा वर्षांच्या मुलांचा रुकार तोंडी घेतात आणि त्याची नोंद ठेवतात, बारा ते अठराच्या मुलांचा लेखी. सातच्या आतल्या मुलाला कागद देत नाहीत, पण तेही अंग चोरत असेल, रडत असेल तर थांबायचं असतं. तुमच्या मुलाचा नकार मोडता येईल अशी एकच स्थिती आहे: औषध जीव वाचवणारं असेल, ते त्या अभ्यासाबाहेर मिळतच नसेल, आणि तुमची संमती व कमिटीची आधीपासून मंजुरी असेल. पंपाने आटोक्यात राहणारा दमा त्यात बसत नाही.

एकदा एका अभ्यासासाठी नऊ वर्षांचा मुलगा माझ्यासमोर बसला होता. भाग घेशील का, विचारलं, तर त्याने आधी बाबांच्या तोंडाकडे बघितलं आणि मग मान हलवली. बाबांना पाच मिनिटं बाहेर बसवलं. तेव्हा त्याने विचारलं, 'सुई किती वेळा?' सहा वेळा, म्हटल्यावर तो म्हणाला, 'मग नको.' तुमच्या मुलालाही तो एकटा असताना असंच कुणीतरी विचारायला हवं. शक्यतो त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी नव्हे, कारण रोजच्या डॉक्टरांना नाही म्हणणं मोठ्यांनाही जड जातं.

'मग मुलांवर संशोधन करूच नका' असा अर्थ कृपया काढू नका. १९५०च्या दशकात नवजात बाळांना क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक दिलं जायचं. बाळाचं यकृत कच्चं असतं, औषध निचरा न होता शरीरात साठत गेलं, बाळं राखाडी पडली आणि दगावली. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, हे तिथे फार मोठी किंमत देऊन कळलं. म्हणून मुलांसाठीची औषधं मुलांमध्येच, जपून तपासावी लागतात.

पुढे कधी मुलाचं मन बदललं, तर सही करण्याआधी ट्रायलचा सीटीआरआय क्रमांक, म्हणजे नोंदणी क्रमांक मागा. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर तो कुणालाही मोफत बघता येतो. इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, हे संमतीपत्रात लिहिलेलं हवं. मध्येच बाहेर पडलात तरी नेहमीचा उपचार थांबवता येत नाही.

मी पुण्यात एमएसडब्ल्यू करते. अकरावी-बारावीच्या मुलामुलींशी नातेसंबंधांवर मुलाखती घेणार आहे. 'तुम्ही सांगाल ते कुणालाही कळणार नाही' असं फॉर्मवर लिहिलं आहे. मॅडम म्हणाल्या, कमिटी हे पास करणार नाही. का?

मॅडमचं बरोबर आहे. तुम्ही पाळू शकणार नाही असं वचन देताय.

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा. त्याच्या कलम १९ नुसार अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली, तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. संशोधक त्याला अपवाद नाही, आणि न कळवल्यास शिक्षा आहे. अडचण अशी की, या कायद्यात सोळा-सतराच्या दोघांनी राजीखुशीने ठेवलेले संबंधही गुन्ह्यातच येतात. म्हणजे मुलीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट थेट तिच्या मित्राच्या अटकेपर्यंत जाऊ शकते. या वयाच्या बाबतीत कायदा बदलायला हवा, असं मला मनापासून वाटतं. पण तो बदलेपर्यंत त्याची झळ तुमच्यापेक्षा त्या मुलामुलींना जास्त बसेल.

म्हणून मुलाखत सुरू होण्याआधी, सोप्या मराठीत, मर्यादा सांगा: 'कुणी तुला त्रास देतंय असं मला कळलं, तर मला ते सांगावंच लागेल. ते आधी तुझ्याशी बोलून सांगेन.' मग काय बोलायचं ते तिला ठरवू द्या. तुमच्या प्रश्नाला व्यक्तिगत अनुभवांची खरंच गरज आहे का, तेही बघा. बऱ्याचदा 'तुमच्या वर्गातल्या मुलांना काय वाटतं' एवढं विचारूनही पुरेसं मिळतं. नाहीतर नाव, हजेरी क्रमांक काहीच नसलेली प्रश्नावली पेटीत टाकायला सांगा. कुणी रडायला लागलं तर लगेच भेटेल असा समुपदेशक पहिल्या दिवसापासून ठरलेला हवा आणि १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा क्रमांक प्रत्येकाच्या हातात. पालकांनी संमती दिली म्हणून उत्तरं वाचायचा हक्क त्यांना मिळत नाही, हे त्यांच्या फॉर्मवर स्पष्ट लिहा.

संशोधनात भाग घेतल्याबद्दल मुलांना पैसे देणं योग्य आहे का? आणि मुलाचं किती रक्त घेतलेलं चालतं? – कोल्हापूर

येण्याजाण्याचं भाडं, बुडालेली मजुरी, दुपारचं जेवण हे द्यायलाच हवं. मुलाला रंगपेटी, वही दिली तरी हरकत नाही. पण रक्कम इतकी मोठी नको की, घरची गरजच मुलाला अभ्यासात ढकलेल.

रक्ताबद्दल युरोपात वापरला जाणारा निकष मला व्यवहारात सोपा वाटतो: संशोधनासाठी एका वेळी शरीरातल्या रक्ताच्या १ टक्क्याहून जास्त नाही, चार आठवड्यांत ३ टक्क्यांहून जास्त नाही. वीस किलोच्या मुलाच्या अंगात साधारण १,६०० मिलिलिटर रक्त असतं, म्हणजे एका वेळी फार तर १६. मूल आजारी किंवा रक्त कमी असलेलं असेल, तर त्याहूनही कमी.

मी लहान असताना आईने माझं नाव एका अभ्यासात दिलं होतं. दर काही वर्षांनी रक्त घ्यायचे, नमुने फ्रीजरमध्ये आहेत. आता मी एकोणीस वर्षांची आहे. ते नमुने कुणाचे?

असे दीर्घकाळ चालणारे अभ्यास फार मोलाचे असतात. पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये असा अभ्यास सुरू केला. गर्भवती बायकांपासून सुरुवात केली आणि त्यांची मुलं तरुण होईपर्यंत पाहिली. आपल्याकडची बाळं वजनाने कमी असूनही अंगात चरबी बाळगून जन्मतात, हे अशा कामातूनच समजलं.

पण तुम्ही अठरा वर्षांच्या झालात त्या दिवसापासून आईची सही तुमच्यासाठी पुरत नाही. पुढे काही करायचं, तर संशोधकांनी तुमच्याकडे नव्याने येऊन तुमची स्वतःची संमती घ्यायला हवी. अजून कुणी आलं नसेल, तर तुम्हीच त्यांना पत्र लिहा. नमुने कशासाठी वापरले, पुढे कशासाठी वापरणार, जनुकीय तपासणी झाली का, ते दुसऱ्या संस्थेला दिले का, हे विचारा. नमुने नष्ट करा, असंही तुम्ही सांगू शकता. छापून झालेल्या निष्कर्षांतून तुमचा आकडा मात्र आता काढता येणार नाही. आणि ठेवायचे ठरवलेत, तर लहानपणापासूनचे तुमचे निकाल मागून घ्या. इतकी वर्षं तुमचं रक्त दिलंत, त्यातून तुमच्याबद्दल काय कळलं ते समोर बसून समजावून द्या, असं सांगायला अजिबात संकोच करू नका.